एका तासाने चुकलेली बस

बाबा,

किचनमधलं आपलं ह्यूस्टनच्या वेळेचं घड्याळ आज सकाळी एक तास पुढे केलं. त्याच्या शेजारचं पुण्याच्या वेळेचं होतं तसंच ठेवलं. त्याला तुम्ही कधी कुणाला हात लावू दिला नाहीत. घड्याळं पुढे करायचा रविवार तेव्हा एप्रिलमध्ये यायचा, आता मार्चमध्ये येतो, एवढाच काय तो फरक. तुम्ही स्टुलावर चढून दरवर्षी तेच म्हणायचात, "भारताची वेळ बदलत नाही, आपलीच बदलते. आजपासून साडेदहा तास, लक्षात ठेव." आणि मी खालून स्टूल धरून, डोळे फिरवून म्हणायचे, "आय नो, बाबा." आता मला स्टूल धरायला कुणी नाही, म्हणून आज काउंटरचा आधार घेऊन चढले. माझेही गुडघे आता बोलतात. दिवसभर लोकांच्या गुडघ्यांना व्यायाम देणारी मी, पण माझ्या गुडघ्यांना सांगणार कोण?

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, त्यात मी एक ओळ लिहिली नाही. तुमच्याशी माझं बोलणं बंद होतं असंच समजा. पण गेल्या आठवड्यात इलिनॉयमधल्या नेपरव्हिलहून एक फोन आला आणि मला लिहायला बसावं लागलं. तो फोन शेवटी सांगते. निबंध क्रमाने लिहावा, उगाच उड्या मारू नयेत, हे तुम्हीच शिकवलंत. रविवारी सकाळी शेजारची मुलं सॉकरला जायची आणि मी या टेबलाशी मराठीचं शुद्धलेखन गिरवत बसायचे. तुम्ही तिकडे गॅसपाशी पिठलं घोटत असायचात. आई गेल्यावर तुम्ही जे चार पदार्थ शिकलात, त्यातलं पिठलंच तेवढं खाण्यासारखं व्हायचं.

आणि खिडकीत तो कॅसेट प्लेअर. त्यावर तुमचं ते इंग्रजी गाणं. रिफायनरीच्या वाटेवर गाडीत कुठल्यातरी बारक्या रेडिओ स्टेशनवर ऐकलंत आणि मग कितीतरी दिवस टपून बसून टेप केलंत. गाणाऱ्याचं नाव ना तुम्हाला माहीत होतं ना कुणाला. मी नंतर इंटरनेटवर पुष्कळ शोधलं, दवाखान्यात येणाऱ्या म्हाताऱ्या टेक्सन पेशंटांना चाल गुणगुणून दाखवली. एक जण म्हणाला, अशी गाणी इथे पोत्याने होती. असतील. पण मंडळाच्या गणपतीत, भावगीतांच्या कार्यक्रमात, झब्बा घालून असलं गाणं म्हणणारे तुम्ही एकटेच होतात. आपल्याकडे गणपतीही शनिवारीच बसायचे, त्यामुळे हॉल तुडुंब भरलेला. तुम्ही डोळे मिटून, नाकात सूर लावून गायलात. टाळ्या पडल्या, आणि शेजारच्या काकूंनी मला हळूच विचारलं, "हे त्यांच्या चर्चमधलं भजन का गं?" मला वाटलं होतं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

गाणं मला आजही सगळं पाठ आहे. एका लहानशा गावातली दोघं. घरच्यांना पसंत नाही, म्हणून रविवारी सकाळी सातच्या बसने निघून जायचं ठरवतात. त्याच रात्री घड्याळं एक तास पुढे जातात आणि या शहाण्याला ते माहीत नसतं. बॅग घेऊन तो वेळेवर, म्हणजे त्याच्या वेळेवर, पोचतो. तेव्हा तिथे धुळीशिवाय काही उरलेलं नसतं. तिला वाटतं, आलाच नाही. ती जाते ती जातेच, दुसऱ्या गावात लग्न करते. पुष्कळ वर्षांनी एका दुकानात त्यांची गाठ पडते. ती विचारते, का नाही आलास? आणि तो म्हणतो, माझं मन बदललं होतं. झालं, संपलं गाणं. मी दहा वर्षांची असेन, मला या शेवटच्या कडव्याचा भयंकर राग यायचा. "पण तो खरं का नाही सांगत तिला? ही इज सो स्टुपिड!" तुम्ही पिठल्यातला डाव झटकत म्हणायचात, "सांगून काय झालं असतं गं? बस परत येणार होती का?" मला ते उत्तर कधीच पटलं नाही. पिठलं मात्र मी ताटलीभर खायचे.

आता त्याच्याबद्दल लिहिते. 'तो' म्हटलं की तुम्हाला कळेल कोण. मराठी लोकांच्या त्या मोठ्या अधिवेशनात आमची ओळख झाली होती. तिथे आमच्यासारख्या इथे जन्मलेल्या मुलामुलींना एका खोलीत बसवून, बाहेर आयाबाया अंदाज घेत फिरत असतात. आम्ही दोघंही तिथून पळून व्हेंडिंग मशीनपाशी भेटलो. वर्षभर फोनवर बोललो, तुमचं लाँग डिस्टन्सचं बिल मीच वाढवलं आणि तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. थँक्सगिव्हिंगला ते सगळे नेपरव्हिलहून आपल्याकडे आले. तुम्ही पिठलं केलंत, त्याच्या आईने मागून घेतलं. जाताना काकू दारात अगदी सहज म्हणाल्या, "पत्रिका तेवढी पाठवा हं. नुसती फॉर्मॅलिटी." तुम्ही हसलात. माझी पत्रिका केलेलीच नव्हती. "करून घेऊ की, त्यात काय," म्हणालात. तुमचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता आणि म्हणूनच तुम्ही ते काम हातावेगळं केल्यासारखं केलंत. माझ्या जन्माची वेळ तुम्हाला मिनिटासकट पाठ होती. गुरुजींचा गोंधळ नको म्हणून तुम्हीच ती भारताच्या वेळेत करून पुण्याला फॅक्स केलीत. नोव्हेंबर चालू होता, भिंतीवर दोन घड्याळं होती, साडेअकरा तासांचा फरक तुमच्या बोटांवर होता. तुम्ही साडेअकरा मिळवलेत.

माझा जन्म जुलैचा आहे, बाबा. जुलैत साडेदहा असतात.

हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. गुरुजींनी दिलेल्या वेळेवर पत्रिका मांडली. लग्न रास पुढे सरकली, मंगळ आठव्या घरात जाऊन बसला. आठव्यातला मंगळ म्हणजे नवऱ्याच्या मुळावर, हे मला त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं. त्यात काकूंच्या सख्ख्या बहिणीचा नवरा लग्नाच्या वर्षातच गेला होता आणि सगळ्यांनी तिच्या मंगळावर खापर फोडलं होतं. त्या बाईंना बघत काकू मोठ्या झाल्या होत्या. ख्रिसमसच्या आधी त्याचा फोन आला. "आय डोन्ट बिलीव्ह इन इट, यू नो आय डोन्ट," तो म्हणाला. "पण आई जेवत नाहीये." मी तुमच्यासमोर फोन ठेवला. तुम्ही वर्तमानपत्राची घडी घालत म्हणालात, "मंगळाला घाबरणाऱ्या घरात जाऊन तू काय करणार होतीस?" ते ऐकून मला तुमच्याबद्दल फार प्रेम वाटलं होतं. मी तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

त्या मार्चमधल्या दोन गोष्टी माझ्या लक्षात राहिल्या, पण मी त्यांची गाठ कधी मारली नाही. एक म्हणजे, एका शुक्रवारी तुम्ही प्लँटच्या कामासाठी लुइझियानाला जातो म्हणून गाडी घेऊन गेलात आणि परत आलात तेव्हा गाडीवर दारांपर्यंत पांढरे ओघळ वाळले होते. मी विचारलं तर म्हणालात, प्लँटमधलं काहीतरी उडालंय. मी ड्राइव्हवेमध्ये पाइप लावून ते धुतलं, बोट जिभेला लावलं तर खारट लागलं. दुसरं म्हणजे, तुम्ही खिडकीतली ती कॅसेट काढून खणात टाकलीत आणि ते गाणं आपल्या घरात पुन्हा वाजलं नाही. मला वाटलं, कंटाळले असतील. त्याचं लग्न उन्हाळ्यात झालं. पत्रिका उत्तम जुळली होती म्हणे.

माझं पुढचं तुम्ही बघितलंतच. माझा विश्वास नव्हता, मी टेक्सासच्या कॉलेजात ॲनाटॉमी शिकलेली मुलगी. पण आठव्या घरातला मंगळ काही विश्वास विचारून आत येत नाही. नंतर एक डॉक्टर भेटला होता, शांत, भला माणूस, मला आवडायचा. तो नुसता खोकला तरी मी त्याला एक्स-रे काढायला लावायचे. लांबच्या ड्राइव्हला निघाला की मी पोचल्याचा फोन येईपर्यंत घरभर फिरायचे. शेवटी त्याला नाही म्हटलं आणि कारण सांगितलं नाही. हसण्यासारखं आहे, पण मला त्याला जिवंत ठेवायचं होतं. तुम्ही हे सगळं बघत होतात. कधी काही बोलला नाहीत, फक्त पिठल्यात लसूण वाढवत गेलात.

मग तुमचं आजारपण. शेवटच्या दिवसांची काळजी घेणाऱ्या हॉस्पिसवाल्यांनी घरी फॅमिली रूममध्ये पलंग लावून दिला. एका दुपारी मी तुम्हाला चमच्याने पाणी पाजत होते आणि तुम्ही म्हणालात, "तुझ्या पत्रिकेत मंगळ नाही." मला वाटलं, औषधाने बरळताय. तुम्ही थांबत थांबत सगळं सांगितलंत. फॅक्स, नोव्हेंबर, एक तास. आठव्यातला मंगळ खरा नवव्यात आहे, तो कुणाचं वाईट करत नाही. रिफायनरीतून घरी येताना गाडीत ते गाणं लागलं, ती बस सुटली आणि तुमच्या डोक्यात लख्ख पडलं. तुम्ही गाडी कडेला घेऊन बोटांवर पुन्हा मोजलंत.

मी विचारलं, "हे कधी?"

"त्या हिवाळ्यातच."

"त्याच्या लग्नाआधी?"

तुम्ही होकारार्थी मान हलवलीत.

"मग सांगितलं का नाहीत?"

तुम्ही भिंतीकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "लाज वाटली. इंजिनियर माणूस. एका तासाची चूक."

बाबा, मला आधी चमचा खाली ठेवल्याचं आठवतं. मग मी तुम्हाला काय काय बोलले. भित्रे म्हटलं, पडलं तरी नाक वर म्हटलं, तुमच्या नाकापायी माझं आयुष्य गेलं म्हटलं. इंग्रजीत बोलले, कारण मराठीत मला तेवढं वाईट बोलता येत नाही, तुम्ही शिकवलंच नव्हतंत. तुम्ही ऐकून घेतलंत. एकदाही "पण" म्हटलं नाहीत. त्यानंतर तुम्ही होतात तोवर मी तुमचं सगळं केलं, अंग पुसलं, उशा बदलल्या, नर्सला फोन केले, पण तुम्हाला बाबा म्हणून हाक मारली नाही. तुमच्याही ते लक्षात आलं होतं. तुम्ही गेलात तेव्हा मी खोलीतच होते आणि मला रडू आलं नाही. दहाव्याला गुरुजींनी ह्यूस्टनच्या तळ्याकाठी पिंड ठेवायला लावला, तिथल्या काळ्या ग्रॅकल पक्ष्यांनी क्षणात फस्त केला. काकालोक म्हणाले, बघा, इच्छा राहिली नाही काही. मी मनात म्हटलं, राहणार कशी, सांगून मोकळे झाले ना.

तो राग मी नीट सांभाळला. लोक लोणचं मुरवतात तसा. त्यात एक सोय होती, ती मला आता कळते आहे. त्या रागात तो बिचारा निर्दोष होता. त्याला काही माहीतच नव्हतं. कळलं असतं तर आला असता, धावत आला असता, आईची समजूत काढून. माझ्या मनात तो कायम त्या व्हेंडिंग मशीनपाशी उभा राहिला, सव्वीस वर्षांचा, आणि आमच्या मध्ये फक्त तुम्ही होतात.

आता तो फोन. गेल्या आठवड्यात मी ग्रोसरी गाडीत भरत होते. नेपरव्हिलचा नंबर.

"ओळखलंस का गं मला?" काकूंचा आवाज फार म्हातारा झालाय, पण ओळखला. "मी बोलते आहे. अगं, तो गेला. जानेवारीत. ड्राइव्हवेचा स्नो काढत होता, फावडं हातात तसंच, आणि खाली बसला. शेजाऱ्याने नाइन वन वन केलं. काही उपयोग झाला नाही."

मी दुधाचा कॅन गाडीच्या टपावर ठेवला. त्या बोलत होत्या. सून मुलांना घेऊन वेस्ट विंडसरला भावाकडे गेली. त्या एकट्याच आहेत. "सगळं बघून केलं होतं गं," त्या म्हणाल्या. "पत्रिका इतकी छान जुळली होती. मला सारखं तुझं तोंड दिसतं. तुझा काय दोष होता?"

माझ्या तोंडात एक वाक्य कित्येक वर्षं तयार होतं. ते कधी वापरायला मिळेल असं वाटलं नव्हतं. त्यांच्या एकुलत्या एका मुलाला जाऊन दोन महिने झाले होते, आणि तरी मी ते वापरलं. म्हटलं, "काकू, माझ्या पत्रिकेत मंगळ नव्हताच. वेळ चुकली होती."

त्या जराही दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "माहीत आहे गं. तुझे बाबा आले होते ना सांगायला."

पार्किंग लॉटमध्ये कार्ट हातात धरून मी उभी होते. त्या सांगत राहिल्या. मार्चमधला शनिवार होता. ह्यूस्टनहून गाडी चालवत आलात. अंगात आपल्याकडचं पातळ जॅकेट, बूट ओले. चहा घेतला नाहीत. नवी पत्रिका काउंटरवर ठेवून म्हणालात, चूक माझी आहे, पोरीची नाही. "हात जोडले त्यांनी माझ्यापुढे. मुलीचे वडील. मला मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, एंगेजमेंट झाली हो, आता काय करायचं? पण अगं, देवाशपथ सांगते, मी नाही म्हटलं नाही. मी म्हटलं, मुलाला विचारा. तो म्हणेल ते. तो तिथेच उभा होता ना, किचनमध्ये."

"मग?" मी विचारलं.

"म्हणाला, काका, इट्स डन. आय हॅव मूव्ह्ड ऑन. आणि म्हणाला, प्लीज, तुम्ही आला होतात हे तिला सांगू नका. शी विल वेट फॉर मी." काकूंना रडू आलं. "मग त्यानेच बाहेर जाऊन तुझ्या बाबांच्या गाडीच्या काचा खरवडून दिल्या. बर्फ पडत होता. मी म्हटलं राहा, तर थांबले नाहीत. तुला बोलले नव्हते का ते?"

गाडीवरचं ते मीठ. इलिनॉयच्या रस्त्यांवर बर्फावर टाकतात ते मीठ मी माझ्या हाताने धुतलं होतं, बाबा.

"बोलले होते, काकू," मी म्हटलं. "सगळं सांगितलं होतं मला."

"मग बरं," त्या म्हणाल्या. त्यांना खरंच हलकं वाटलं असावं. मग जेवतेस का वेळेवर, पोळ्या करतेस की विकतच्या, असं विचारून त्यांनी फोन ठेवला. माझं दूध उन्हात तापून गेलं होतं.

म्हणजे त्या दुपारी पलंगावर, तोंडात पाण्याचा चमचा, तुम्हाला दोन गोष्टी करायच्या होत्या. मंगळ माझ्या मानेवरून उतरवायचा होता आणि त्याला दिलेला शब्दही पाळायचा होता. मी "का नाही सांगितलंत" विचारल्यावर तुम्ही भिंतीकडे बघितलंत ते लाजेने नव्हे. तुम्ही उत्तर शोधत होतात. वेलांटी चुकली तरी पान फाडायला लावणारा माणूस मरायला टेकल्यावर एवढं धडधडीत खोटं बोलला आणि मी एका क्षणात विश्वास ठेवला. तो सगळं कळूनही आला नाही, हे मला कळू नये म्हणून तुम्ही माझ्याकडून भित्रे म्हणवून घेतलंत. आणि मी हाक न मारता तुम्हाला जाऊ दिलं. याचं काय करायचं ते मला समजत नाही. तुमच्या नावाने दिवा लावू, अन्नदान करू, काय करू? आज पिठलं केलं. ते करपलं.

तुमची ती कॅसेट खणात आहे. वाजवायला घरात काही नाही, फिरवून फिरवून फीत सैल झालीय. हे पत्रही तिथेच ठेवते. त्याला कुठला पत्ता घालणार?

एकच राहिलं आणि ते चांगल्या मुलीने लिहिण्यासारखं नाही. पण आपल्या घरात आणखी खोटं नको. तुम्ही खरंच लाजेने गप्प बसला असतात, तर मला जास्त आवडलं असतं. आता तुम्ही मला परत मिळालात, बाबा, आणि मला अजून व्हेंडिंग मशीनपाशी उभा असलेला तोच हवा होता.